ब्याऐंशी अंशांचा अंमल

चेन्नई शहर मागे टाकून पूनमल्लीवरून पश्चिमेकडे जाणाऱ्या हमरस्त्याला लागले, म्हणजे डाव्या अंगाला चेंबरंबाक्कमचा विस्तीर्ण तलाव येतो, आणि तो मागे पडतो न पडतो तोच कारखान्यांच्या लांबच लांब भिंती सुरू होतात. हे इरुंगाट्टुकोट्टै. पुढचे मोठे ठाणे श्रीपेरुंबुदूर, रामानुजाचार्यांचे जन्मस्थान. मराठी प्रवाशाला हा मुलूख परका वाटला, तरी रस्ता मात्र त्याच्या ओळखीचा आहे, कारण पूर्वी चार क्रमांकाचा आणि आता अठ्ठेचाळीस क्रमांकाचा म्हणून दफ्तरी नोंदलेला हा राष्ट्रीय महामार्ग बंगळूर, हुबळी, बेळगाव, कोल्हापूर, सातारा, पुणे अशी ठाणी घेत मुंबईस पोहोचतो. ह्युंदाई कंपनीचा हिंदुस्थानातील पहिला कारखाना या रस्त्याच्या एका टोकाशी, इरुंगाट्टुकोट्टैस, १९९८ साली सुरू झाला. आणि २०२३ च्या ऑगस्टात तिने जनरल मोटर्सचा तळेगावचा कारखाना घेण्याचा करार केला, तेव्हा तिचे दुसरे बिऱ्हाड याच जुन्या रस्त्याच्या मराठी टोकाला पडले.

इरुंगाट्टुकोट्टैची दुसरी ख्याती मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबच्या शर्यतीच्या धावपट्टीची. शोळावरमच्या जुन्या विमानतळावर भरणाऱ्या मोटारींच्या शर्यती १९९० च्या सुमारास येथे स्वतंत्र, सुमारे पावणेचार किलोमीटर लांबीच्या वळणदार मार्गावर आल्या. एकाच रस्त्याच्या काठी एकीकडे पूर्ण वेगाने पळणारे इंजिन आणि दुसरीकडे पूनमल्लीच्या सिग्नलवर पाव पाव तास कुथत उभे राहणारे इंजिन, अशी यंत्राची दोन परस्परविरुद्ध आयुष्ये येथे शेजारी शेजारी नांदतात. आणि ज्या चिमुकल्या भागाचा परिचय येथे करून द्यायचा आहे, त्या थर्मोस्टॅटला ही दोन्ही आयुष्ये सांभाळावी लागतात.

इरुंगाट्टुकोट्टैहून पहिली बाहेर पडलेली मोटार सँट्रो. उंच छपराची, चार सिलिंडरांची, ९९९ घनसेंटिमीटरची, आणि पेट्रोल कार्ब्युरेटरऐवजी संगणकाच्या हुकुमाने फवारणारी. त्याआधीच्या पिढीतल्या मराठी मध्यमवर्गाची मोटार म्हणजे वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीची कुर्ल्याची फियाट, किंवा कलकत्त्याकडची ॲम्बॅसडर. या दोन्ही गाड्यांच्या मालकांना इंजिन तापणे ही आपत्ती वाटतच नसे. तो प्रवासाचा नित्यक्रम होता. खंबाटकीच्या चढावर बॉनेट उघडून वाफ सोडत उभी असलेली मोटार, शेजारी हातात पाण्याचा डबा घेतलेले यजमान आणि झाडाखाली दशम्या सोडून बसलेले कुटुंब, हे दृश्य ज्यांनी पाहिले आहे त्यांना मोटार थंड ठेवणे म्हणजेच मोटार सांभाळणे असे वाटू लागले, तर त्यांचा दोष नाही. पुढच्या साऱ्या गैरसमजाचे मूळ मात्र तेथेच आहे.

कारण इंजिनाला नुसते थंड ठेवून भागत नाही. पेट्रोलात दडलेल्या शक्तीपैकी ढोबळ मानाने तिसरा हिस्साच चाकांच्या कामी येतो, तिसरा हिस्सा धुराबरोबर निघून जातो आणि उरलेला तिसरा इंजिनाच्या भिंतींतून वाहणाऱ्या पाण्याने उचलून रेडिएटरात नेऊन टाकावा लागतो. हे पाणी फार तापले तर डोके वाकते आणि हेड गॅस्केट उडते, हे सर्वांस ठाऊक आहे. पण ते फार गार राहिले तर सिलिंडरच्या भिंतीवर पेट्रोलाचे थेंब जमून तेलाचा थर धुऊन जातो, ज्वलनातून निर्माण झालेले पाणी तेलात मिसळून त्याचा राडा होतो, धातूचे भाग आपल्या ठरल्या मापास पोहोचत नाहीत आणि झीज वाढते, हे फार थोड्यांच्या ध्यानी असते. फवारणीच्या गाडीत तर पाण्याचे तापमान मोजणारा सेन्सर संगणकास ‘इंजिन अद्याप थंड आहे’ अशी वर्दी देत राहतो, आणि तो इमानी कारभारी सढळ हाताने पेट्रोल सोडत राहतो. मालकाला एवढेच कळते की गाडी हल्ली पेट्रोल जास्त पिते.

ही दोन्ही टोके टाळण्यासाठी इंजिन आणि रेडिएटर यांच्या दरम्यान एक झडप बसवलेली असते; तीच थर्मोस्टॅट. तिच्या पोटी पितळेची लहान डबी, डबीत पॅराफिन जातीचे मेण, मेणात उष्णता लवकर पसरावी म्हणून मिसळलेली तांब्याची पूड, आणि मेणात रबरी आवरणातून उतरलेला पोलादी खिळा. ठरलेल्या अंशावर मेण वितळते. वितळताना त्याचे आकारमान दहा-पंधरा टक्क्यांनी वाढते. वाढलेले मेण खिळ्याला बाहेर रेटते, आणि स्प्रिंगचा विरोध मोडून झडप उघडते. मेण थिजले की स्प्रिंग तिला पुन्हा मिटवते. यात वीज नाही, तार नाही, कोणाचा हुकूम नाही. सँट्रोच्या जातीच्या इंजिनांत हा अंमल ८२ अंशांच्या आसपास सुरू होतो आणि ९५ च्या सुमारास झडप पुरती उघडते. तोवर पाणी रेडिएटरची वाट न धरता एका आडवाटेने इंजिनातल्या इंजिनात फिरत राहते.

उष्णतेने स्वतःचे नियमन करण्याची कल्पना जुनीच आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी कॉर्नेलिस ड्रेबेल नावाच्या डच गृहस्थाने अंडी उबवण्याच्या भट्टीस असला नियामक बसवला होता. मोटारीत मात्र प्रारंभी काहीच नव्हते. फोर्डच्या विख्यात टी मॉडेलमध्ये पाण्याचा पंपसुद्धा सहसा नसे, तापलेले पाणी वर चढते आणि निवलेले खाली उतरते एवढ्याच निसर्गनियमावर त्या गाडीचा संसार चाले. पुढे सहज उडणाऱ्या द्रवाने भरलेली, भात्यासारख्या घड्यांची पितळी नळी आली. तिच्यात एक खोट होती. शीतनव्यवस्थेतले पाणी दाबाखाली ठेवावे म्हणजे त्याचा उत्कलनबिंदू चढतो, हे तत्त्व मोटारकर्त्यांनी स्वीकारले, तेव्हा तो दाब या भात्यालाही दाबू लागला आणि त्याचा अंश चुकू लागला. मेणाला बाहेरच्या दाबाची तमा नसते. सर्जियस व्हर्नेट यांनी १९३० च्या दशकात अमेरिकेत सिद्ध केलेली ही मेणाची डबी म्हणूनच आजतागायत आपल्या जागी टिकून आहे.

आता त्या गैरसमजाकडे वळू. गाडी तापते म्हणून ती रस्त्याकडेच्या गॅरेजात न्यावी, आणि अनुभवी मेकॅनिकने हौसिंग उघडून आतली झडप बाहेर काढावी व ‘साहेब, आपल्याकडच्या उन्हात हा कशाला? काढून टाकतो’ असा निकाल द्यावा, हा प्रसंग चेन्नईपासून चाळीसगावपर्यंत सारखाच घडतो. ऐकणाऱ्यास तो पटतो, कारण चेन्नईचा मे महिना चाळीस अंशांचा असतो. पण चाळीस आणि ब्याऐंशी यांत बेचाळीस अंशांचे अंतर आहे. ताशी ऐंशीच्या वेगाने रेडिएटरवर आदळणारा चाळीस अंशांचा वारा पाण्याला त्याच्या योग्य तापमानाच्या कितीतरी खाली सहज ओढू शकतो. शिवाय काही इंजिनांची रचना अशी असते की झडप उघडताना तिचे खालचे तबक त्या आडवाटेचे तोंड मिटवते. अशा इंजिनातून थर्मोस्टॅट काढला तर आडवाट कायमची मोकळी राहते, तापलेल्या पाण्याचा मोठा वाटा रेडिएटरकडे न जाताच परत फिरतो, आणि तापू नये म्हणून केलेल्या उपायानेच गाडी घाटात तापते. आपल्याकडे थंडीत हीटर लावण्याची वेळ फारशी येत नाही, म्हणून थंड राहिलेल्या इंजिनाबद्दल तक्रार करायला कोणीच उरत नाही. युरोपात हीच चूक पाय गारठल्याने चार दिवसांत उघडकीस आली असती.

तेव्हा घरच्या घरी या भागाची परीक्षा करायची, तर प्रथम त्याच्यावर आरोप ठेवण्याची घाई करू नये. पहाटे, रात्रभर निवलेल्या गाडीच्या रेडिएटरचे झाकण उघडून कूलंट, म्हणजे शीतनाचे पाणी, पुरेसे आहे काय ते पाहावे. बऱ्याचशा तापलेल्या गाड्यांचा उलगडा येथेच होतो. गाडी सिग्नलवर तापून मोकळ्या रस्त्यावर निवत असेल, तर संशय विजेच्या पंख्यावर घ्यावा; वेग वाढला की काटा चढत असेल, तर चिखलाने किंवा किड्यांनी बुजलेला रेडिएटर, झिजलेला पाण्याचा पंप आणि थर्मोस्टॅट असे तीन आरोपी उभे राहतात. तेलाच्या झाकणाखाली दुधट फेस दिसला, किंवा रेडिएटरात सतत बुडबुडे येऊ लागले, तर तपास स्वतःकडे न ठेवता गाडी जाणत्या फिटरच्या हवाली करावी, कारण ती खूण हेड गॅस्केटची आहे.

थर्मोस्टॅटची साक्ष रबरी पाइप देतात. थंड इंजिन सुरू करून, फिरत्या पट्ट्यापासून आणि पंख्यापासून हात दूर राखून, वरचा व खालचा पाइप अधूनमधून चाचपावा. झडप इंजिनाच्या निर्गमाशी, म्हणजे वरच्या पाइपाच्या मुळाशी असेल, तर पहिली काही मिनिटे तो पाइप कोमटच राहतो आणि मग एकाएकी तापतो. तो पहिल्यापासूनच हळूहळू ऊन होत गेला तर झडप उघडी अडकली आहे, आणि काटा लाल रेघेकडे निघाला तरी रेडिएटर गारच राहिला तर ती मिटलेली अडकली आहे. पण पुष्कळ इंजिनांत झडप खालच्या पाइपापाशी, पाणी परत येण्याच्या वाटेवर असते, आणि तेथे वरच्या पाइपाची ऊब फसवी ठरते; खरा पुरावा खालचा पाइप तापतो की नाही हाच. म्हणून आपल्या गाडीत ती कोठे बसवली आहे हे आधी पाहून घ्यावे. उघडी अडकलेली झडप रस्त्यावरही ओळखू येते: इरुंगाट्टुकोट्टैपुढच्या मोकळ्या रस्त्यावर काटा खाली बसतो आणि पूनमल्लीच्या गर्दीत पुन्हा वर येतो. नव्या गाड्यांत पुष्कळदा काटाच नसतो, नुसता निळा आणि तांबडा दिवा असतो. तेथे संगणकाची नोंद वाचणारे स्वस्त यंत्र लावावे. त्यात ‘पी ०१२८’ ही नोंद आढळली, तर पाणी ठरल्या अंशापर्यंत पोहोचत नाही असा तिचा अर्थ.

झडप बदलण्याचे काम स्वतः कठीण नाही. कठीण आहे तो धीर. इंजिन पुरते निवल्याशिवाय रेडिएटरचे झाकण उघडू नये, कारण दाबाखालचे पाणी शंभरावर तापलेले असूनही शांत दिसते आणि झाकण फिरताच तोंडावर उसळते. खाली घमेले ठेवून कूलंट काढून घ्यावे आणि ते गटारात ओतू नये. त्यातील इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि पोटात गेल्यास विषारी असते, त्यामुळे आवारातल्या कुत्र्यामांजरांच्या जिवावर बेतते. मग पाइपाचा क्लिप सैल करून हौसिंगचे बोल्ट काढावेत. जुनी झडप उचलण्यापूर्वी ती कशी बसली आहे ते नीट पाहावे: स्प्रिंग आणि डबी इंजिनातल्या गरम पाण्याकडे, आणि कडेला हवा सुटण्यासाठी लहान लोलक असेल तर तो वरच्या बाजूस. उलटी बसवलेली नवी झडप जुन्या बिघडलेल्या झडपेहून वाईट. ॲल्युमिनियमच्या तोंडावर चिकटलेला गॅस्केटचा अंश चरा न पाडता खरवडावा, नवे गॅस्केट किंवा रबरी कडे बसवावे आणि बोल्ट आळीपाळीने, बेताने आवळावेत. ॲल्युमिनियमचे आटे जास्त जोर सोसत नाहीत, सरळ तुटतात.

नवी झडप बसवण्यापूर्वी तिला आणि जुनीलाही स्वयंपाकघरात नेऊन एक परीक्षा घ्यावी. जुन्या पातेल्यात पाणी तापत ठेवावे, दोऱ्याने झडप मधोमध, तळाला न टेकेल अशी सोडावी आणि थर्मामीटर धरावा. तिच्यावर कोरलेल्या अंकाच्या आसपास ती हलू लागली पाहिजे आणि आणखी दहा-पंधरा अंशांत पुरती उघडली पाहिजे. मिटताना ती थोडी उशिरा, खालच्या अंशावर मिटते; ही खोड आहे, खोट नव्हे. महाबळेश्वरास पाणी पंचाण्णवच्या सुमारासच उकळते, पण ब्याऐंशीच्या झडपेची सुरुवात पाहण्यास तेही पुरे. घरात याबद्दल बोलणी खावी लागतात हे खरे, तरी पातेले वेगळे ठेवले तर तह होऊ शकतो.

भरण्याच्या पाण्याविषयी मात्र तडजोड करू नये. चेन्नईच्या पुष्कळ वस्त्यांत बोअरचे पाणी जड आणि मचूळ असते. २०१९ च्या उन्हाळ्यात चेंबरंबाक्कमसह शहराचे तलाव आटले, तेव्हा तर टँकरने जे येईल ते पाणी म्हणायचे अशी अवस्था होती. असले पाणी इंजिनात घातले की त्याचा क्षार झडपेच्या खिळ्यावर आणि रेडिएटरच्या नळ्यांत बसतो, आणि नव्या थर्मोस्टॅटचे आयुष्य तेथेच आखूड होते. तयार कूलंट भरावे, किंवा गाढे कूलंट शुद्ध ऊर्ध्वपातित पाण्यात सांगितलेल्या प्रमाणात मिसळावे. थंड इंजिनात ते सावकाश ओतून, हीटरचा खटका पुऱ्या गरमवर ठेवून, झाकण उघडे असताना इंजिन चालू करावे, म्हणजे आत कोंडलेली हवा निघून जाते. पातळी उतरेल तसे भरत जावे आणि मग झाकण लावावे. यानंतर खालचा पाइप तापला आणि थोड्या वेळाने पंखा आपण होऊन फिरला व थांबला, की काम झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी पातळी पुन्हा पाहावी.

अलीकडच्या काही इंजिनांत मेणाच्या डबीतच विजेचे तापक बसवून संगणक तिचा अंश कमीजास्त करतो, आणि पुष्कळ ठिकाणी झडप व प्लास्टिकचे हौसिंग एकजीव असल्याने सबंध नगच बदलावा लागतो. खर्च वाढला, तरी इंजिनाच्या डोक्याच्या दुरुस्तीपुढे तो आजही किरकोळच आहे. तेव्हा पुढच्या खेपेस गॅरेजात कोणी थर्मोस्टॅट ‘काढून टाकतो’ म्हणाला, तर वाचकांनी त्याला तेथेच थांबवावे, आपल्या गाडीच्या अंशाचा नवा थर्मोस्टॅट गॅस्केटसह विकत आणावा आणि तो आपल्या डोळ्यांदेखत बसवून घ्यावा.