फ्रागोनारचें ‘झोका’ चित्र व त्यांतील व्यक्तींचीं नांवें

बागेंत बसलेला सरदार, शेजारीं स्त्री व पुढें कारंजें, असें जुनें चित्र हातीं आलें कीं, त्याच्या पाठीवर ‘बाजीराव-मस्तानी’ असें कोणींतरी लिहिलेलें पुष्कळदां आढळतें. असल्या नांवांस कितपत प्रमाण मानावें, हें ठरविण्यास एक परदेशीय उदाहरण उपयोगीं पडतें. कारण त्याविषयीं समकालीन लेखी पुरावा आहे.

हें चित्र झां-ओनोरे फ्रागोनार (१७३२–१८०६) या फ्रेंच चित्रकाराचें असून लंडन येथील वॉलेस संग्रहांत आहे. काल इ. स. १७६७-६८, म्हणजे आमचें शहापूर ज्यांच्या मुलखांत होतें त्या जानोजी भोसल्यांचा पेशव्यांशीं कनकापूरचा तह (१७६९) अद्याप व्हावयाचा होता. दाट झाडींत गुलाबी पोषाखाची तरुणी झोके घेत आहे. मागें सावलींत एक वयस्क गृहस्थ दोऱ्या ओढीत आहे. पुढें झुडपांत एक तरुण पहुडलेला असून त्याची दृष्टि वर लागली आहे. तरुणीच्या पायांतील जोडा हवेंत उडाला आहे. बाजूचा मदनाचा पुतळा ओठांवर बोट ठेवून आहे. हा फाल्कोने यानें मादाम द पोंपादूरसाठीं घडविलेल्या मूर्तीवरून घेतलेला. अर्थ उघड आहे : वृद्धास पत्ता लागूं द्यावयाचा नाहीं. खालीं भुंकणारें कुत्रें मात्र गुपित राखण्यास तयार दिसत नाहीं !

आतां लेखी पुरावा. नाटककार शार्ल कोले यानें ऑक्टोबर १७६७ मध्यें आपल्या रोजनिशींत चित्रकार द्वायें याच्या तोंडची हकीकत नोंदली आहे. दरबारांतील एका गृहस्थानें, आपली प्रेयसी झोक्यावर असावी, झोका एका बिशपानें हलवावा व आपण तिचे पाय दिसतील अशा जागीं असावें, असें चित्र मागितलें. द्वायेंनें जोडे उडवून ते मदनबालांनीं झेलावे अशी भर सुचविली, पण काम न पत्करतां फ्रागोनारचें नांव सांगितलें.

ही नोंद बखरीच्या नव्हे, समकालीन टिपणाच्या योग्यतेची आहे. तरीही ती चित्राशीं तंतोतंत जुळत नाहीं. चित्रांतील वृद्ध बिशपाच्या वेषांत नाहीं. उडालेला जोडा एकच आहे व तो झेलण्यास कोणी नाहीं. मुख्य म्हणजे कोलेनें त्या गृहस्थाचें नांवच दिलेलें नाहीं. बारन द सँ-ज्युलियँ हें नांव मागाहून जोडलें गेलें. तो फ्रेंच धर्मसंस्थेच्या उत्पन्नाचा वसुली अधिकारी असल्यामुळें बिशपाची थट्टा त्याला शोभते, एवढाच त्या तर्काचा आधार.

आपल्याकडील रागमालेंत हिंदोल रागाच्या चित्रीं झोका असतोच. त्यावर बहुधा कृष्ण असतो. कृष्ण नसला तरी तो नायक असतो, अमुक एक पेशवा नव्हे. संग्राहकानें तेथें नांव लिहिलें कीं, रागाचें चित्र व्यक्तीचें होतें व किंमत वाढते. फ्रागोनारच्या चित्राचेंही तसेंच झालें आहे असें मला वाटतें.

मालकीचा पुरावा यापेक्षां बळकट आहे. निश्चितपणें ज्ञात असलेला पहिला मालक मेनाज द प्रेसिन्यी हा सरकारी करांचा इजारदार होय. १७८२ सालीं द लोने यानें या चित्राचा ठसा कोरून प्रसिद्ध केला. क्रांतींत १७९४ सालीं प्रेसिन्यीचा शिरच्छेद झाला. आणि १८६५ सालीं मोर्नीच्या संग्रहाच्या लिलांवांत तें लॉर्ड हर्टफर्ड यानें विकत घेतलें.