रानपिंगळा आणि जाणकाराला विचारायचा प्रश्न

पक्षिनिरीक्षणाचा छंद नोंदींवर चालतो. पक्षी उडून जातो. मागे राहतो तो पाहणाऱ्याचा शब्द. म्हणून जाणकाराच्या नोंदीवर शंका घ्यावी का, आणि घेतली तर कशी, हा इथे नुसत्या शिष्टाचाराचा मुद्दा नाही. रानपिंगळ्याच्या बाबतीत न विचारलेला प्रश्न फार महागात पडला.

या छोट्या घुबडाचे वर्णन अ‍ॅलन ह्यूम यांनी १८७३ मध्ये केले. पुढच्या दशकात जेम्स डेव्हिडसन यांनी खानदेशात त्याचे नमुने गोळा केले. त्यानंतरचा नमुना एकच. तो १९१४ मध्ये तापीकाठच्या मांडवीला, गुजरातेत, मिळाल्याचे कर्नल रिचर्ड माइनर्त्सहागेन यांनी सांगितले. माणूस मोठा, संग्रह प्रचंड. नमुने परवानगीविना नेल्यामुळे ब्रिटिश म्युझियमच्या पक्षिविभागाने त्यांना काही काळ प्रवेशबंदीही केली होती, तरी मांडवीची नोंद ग्रंथांत टिकून राहिली. सालिम अली आणि डिलन रिप्ले यांच्यासारख्या पक्षितज्ज्ञांनी घेतलेले रानपिंगळ्याचे शोधही निष्फळ ठरले.

पुढे पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी नमुन्यांची नव्याने तपासणी केली. त्यांनी आणि नायजेल कॉलर यांनी १९९९ मध्ये दाखवून दिले, की मांडवीचा नमुना मुळात डेव्हिडसन यांचाच होता. तो म्युझियममधून चोरून, पुन्हा भरून, त्याला खोटी चिठ्ठी लावली होती. कातडे भरण्याची प्रत्येकाची पद्धत वेगळी असते, आणि क्ष-किरण चित्रांत डेव्हिडसन यांच्या हाताच्या खुणा सापडल्या. त्याआधीच, ही नोंद बाजूला सारून, जुन्या खऱ्या चिठ्ठ्यांवरच्या ठिकाणांचा माग काढत रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट खानदेशात आले होते. नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा त्यांच्यासमोर बसलेला होता. एका मोठ्या नावाच्या मुलाहिज्यापायी शोध चुकीच्या वाटेला लागावा, ही खरोखर खेदाची गोष्ट आहे.

अर्थात फसवणूक विरळाच. रोजच्या छंदात चुका होतात त्या घाईने आणि आशेने. साधा पिंगळा रानपिंगळा वाटणे अगदी सहज घडते. अशा वेळी ‘तुमची ओळख चुकली’ म्हटले की समोरचा हट्टाला पेटतो. ‘माथ्यावर पांढरे ठिपके होते का? छातीवर गडद तपकिरी रंग सलग होता का? पोट किती पांढरे दिसले?’ असे विचारले, की तोच माणूस आठवून पाहतो. साध्या पिंगळ्याचा माथा ठिपक्यांनी भरलेला असतो, रानपिंगळ्याचा जवळजवळ कोरा. प्रश्न पिसांबद्दल राहिला की वाद माणसावर येत नाही. नवख्यानेही ‘मला पटत नाही’ एवढ्यावर थांबू नये. काय पटत नाही ते सांगावे. तीस वर्षे रान तुडवलेल्या माणसाला तेवढा मान द्यायलाच हवा.

ईबर्डसारख्या जागतिक नोंदवहीत ही रीत व्यवस्थेचाच भाग झाली आहे. एखाद्या जागी वा ऋतूत अनपेक्षित पक्षी नोंदला, की त्या भागातले स्वयंसेवी परीक्षक पाहणाऱ्याकडे तपशील मागतात: वर्णन, छायाचित्र, आवाज. नवख्याला विचारतात, तसेच नामवंतालाही. तपशील पुरेसा नसेल तर ती नोंद सार्वजनिक नकाशांत येत नाही, मात्र निरीक्षकाच्या स्वतःच्या यादीत राहते.