पंधरा डाव, एक धाव

अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये 162 सामन्यांचा प्रदीर्घ हंगाम उलटल्यावर प्रत्येक लीगमधील जे सहा संघ पुढील फेऱ्यांस पात्र ठरतात, त्यांपैकी पहिल्या दोघांस विश्रांतीची सनद मिळते आणि उरलेल्या चौघांच्या वाट्यास ‘वाइल्ड कार्ड’ नामक पहिली फेरी येते. 2012 साली एकाच सामन्याच्या रूपाने सुरू झालेली ही फेरी 2022 पासून तीन सामन्यांची झाली; ते सारे वरच्या मानांकनाच्या संघाच्याच मैदानावर व्हावेत असा दंडक आहे, आणि पाहुण्यांची मला नेहमीच कीव येते.

दि. 8 ऑक्टोबर 2022 रोजी क्लीव्हलंड येथे गार्डियन्स आणि टॅम्पा बे रेज यांच्यातील दुसऱ्या सामन्यात, जादा डावाच्या आरंभी दुसऱ्या बेसवर आयता धावपटू ठेवण्याची साखळीतील सवलत या फेरीत नामंजूर असल्यामुळे, चौदा डाव पुरे झाले तरी फलकावर उभयपक्षी शून्यच नांदत होते. पंधराव्या डावाच्या उत्तरार्धात ऑस्कर गोन्झालेझ या नवोदिताने (जो ‘स्पंजबॉब’ या बालचित्रमालिकेच्या शीर्षकगीताच्या सुरांवर फलंदाजीस येत असे!) चेंडू कुंपणापलीकडे धाडला. तो चेंडू टाकणारा कोरी क्लूबर पूर्वी क्लीव्हलंडच्याच चाकरीत होता, आणि त्या काळात दोनदा साय यंग पुरस्काराचा मानकरी ठरला होता. दैवाचा याहून क्रूर विनोद मी तरी पाहिलेला नाही.

पुढल्या फेरीत यांकीजनी गार्डियन्सना 3–2 असे गारद केले.