श्रेयनामावलीतली विश्नेव्स्काया

चित्रपटसूची करणाऱ्यांची एक जुनी खोड आहे. पडद्यावर चेहरा दिसला की ती भूमिका, आणि नुसता आवाज ऐकू आला की त्याची रवानगी तळाच्या बारीक टायपात. रशियन सोप्रानो गालिना विश्नेव्स्काया (1926–2012) यांची कारकीर्द या हिशेबाने मांडली तर हाती फारसं काही लागत नाही : 1966 चा ‘कातेरिना इझ्माइलोव्हा’ हा ऑपेरापट आणि 2007 चा ‘आलेक्सान्द्रा’ हा चेचन युद्धावरचा चित्रपट. मध्ये चाळीस वर्षांची दरी. मग साहजिकच दुसरा चित्रपट म्हणजे एका दिग्गज गायिकेला म्हातारपणी दिलेला मान, असं म्हणून समीक्षक मोकळे होतात. मला हा हिशेबच चुकीचा वाटतो. आवाजाच्या नोंदी वरच्या ओळीत आणल्या, तर ‘आलेक्सान्द्रा’ ही लहर ठरत नाही. पन्नास वर्षं चाललेल्या एकाच कामाचा तो पुढचा टप्पा ठरतो.

सुरुवात 1958 पासून करावी लागते. रोमान तिखोमिरोव्ह यांच्या ‘येवगेनी ओनेगिन’मध्ये तात्यानाच्या भूमिकेत दिसतात आरियादना शेंगेलाया, पण गातात विश्नेव्स्काया. त्या 1952 मध्ये मॉस्कोच्या बोल्शोई ऑपेरात आल्या होत्या आणि तात्याना ही त्यांची हुकमी भूमिका होती. त्या चित्रपटातल्या बहुतेक पात्रांची अशीच वाटणी आहे. ग्रेमिन झालेले इव्हान पेत्रोव्ह मात्र स्वतःच गातात. आता कोणी म्हणेल, हे तर आपलं पार्श्वगायन झालं, त्यात भूमिका कसली? ‘महल’च्या तबकडीवर लताबाईंच्या नावाऐवजी ‘कामिनी’ हे पात्राचं नाव छापलं गेलं होतं, हे ठाऊक असलेल्या मराठी वाचकाने तरी इतक्या सहज हा आक्षेप घेऊ नये. शिवाय आपल्या चित्रपटात गाणं संपलं की नटी बोलायला मोकळी असते. ऑपेरात ती मुभाच नाही. तात्यानाच्या पत्रलेखनाचा लांबलचक प्रवेश घ्या. कुठे थबकायचं, कुठल्या शब्दावर धीर एकवटायचा, श्वास कुठे घ्यायचा, हे सगळं ध्वनिमुद्रणातच ठरून गेलेलं आहे. शेंगेलाया यांचा चेहरा सुरेख आहे, काम मनापासूनचं आहे, पण त्यांना चालायचं आहे ते दुसरीने आखलेल्या वाटेवरून. भूमिकेचा काळ आखून देणारी व्यक्ती त्या भूमिकेची अर्धी तरी धनीण असतेच.

मिखाईल शापिरो यांच्या ‘कातेरिना इझ्माइलोव्हा’त हे दोन अर्धे एकत्र आले. शोस्ताकोविच यांचा हा ऑपेरा 1936 मध्ये ‘प्रावदा’च्या लेखाने झोडपला गेला, पुढे सुधारून नव्या नावाने रंगभूमीवर परतला आणि मग लेनफिल्मने तो पडद्यावर आणला. सेर्गेई, सासरा, नवरा या भूमिकांत दिसणारे एक आणि गाणारे दुसरे. कातेरिना मात्र विश्नेव्स्काया यांचीच, आवाजाने आणि देहानेही. त्यांनी आधी गायलेल्या ध्वनिफितीवर त्या स्वतःच ओठ हलवतात, म्हणजे स्वतःच्याच आवाजासमोर त्या नटी आहेत. कॅमेरा जवळ आला की ऑपेरागायकाची वितभर उघडी जिवणी हास्यास्पद दिसते. इथे त्या तोंड कमी उघडतात आणि सगळा भार डोळ्यांवर टाकतात. चाळीस वर्षांनी जे कामी आलं, त्याचा सराव इथे झाला असं मी मानतो.

युद्धाशी त्यांचं पडद्यावरचं नातं जुळलं ते मात्र पुन्हा आवाजातून. इंग्रज संगीतकार बेंजामिन ब्रिटन यांनी ‘वॉर रेक्विएम’ ही रचना लिहिताना रशियन, इंग्रज आणि जर्मन असे तीन गायक मनाशी धरले होते. 30 मे 1962 रोजी कॉव्हेंट्रीच्या कॅथीड्रलमधल्या पहिल्या प्रयोगाला जायची परवानगी सोव्हिएत सरकारने विश्नेव्स्काया यांना नाकारली आणि हेदर हार्पर यांनी ऐनवेळी ती बाजू सांभाळली. जानेवारी 1963 मध्ये डेक्कासाठी लंडनला ध्वनिमुद्रण झालं, तेव्हा त्या पोचल्या. तिथे पुरुष गायकांपासून दूर, समूहगायकांजवळ आपल्याला का उभं केलं, यावरून बाईंनी रीतसर थयथयाट केला. रचनेचीच ती मागणी होती, हे खरं. पण आपली जागा कुठली, या प्रश्नावर त्या किती जागरूक होत्या तेही यातून कळतं. याच ध्वनिमुद्रणावर डेरेक जार्मन यांनी 1989 मध्ये चित्रपट केला. लॉरेन्स ऑलिव्हिए, टिल्डा स्विंटन, शॉन बीन असे नट त्यात आहेत. मूळ ध्वनिमुद्रणावर दुसरा कुठलाही आवाज चढवायचा नाही, ही डेक्काची अट होती. त्यामुळे संगीत चालू असताना नट मूकच आहेत. पंचवीस वर्षांपूर्वीची फीत कोणी वापरली, त्यात गायिकेचं कर्तृत्व काय, हा आक्षेप वरवर बिनतोड आहे. पण ज्या चित्रपटाचं प्रत्येक दृश्य त्या फितीच्या मापाने कापलं आहे, त्यातून ती काढली तर उरतं काय? त्याच वर्षी झुवाव्स्की यांच्या ‘बोरिस गोदुनोव्ह’मध्येही मारिनाचा चेहरा डेल्फीन फोरेस्ट यांचा होता आणि गळा विश्नेव्स्काया यांचा.

आणि मग सोकुरोव्ह यांचा ‘आलेक्सान्द्रा’. यात बाई एक सूरही लावत नाहीत. आजी चेचन्यातल्या लष्करी तळावर नातवाला, कॅप्टन देनिसला, भेटायला येते. सैनिकांच्या गाडीने प्रवास करते, उकाड्याने त्रासते, बाजारात मलिका नावाच्या चेचन बाईशी तिची गट्टी जमते. लढाई एकदाही दिसत नाही. चिलखती गाडीत नातू तिच्या हाती बंदूक देतो. ती चाप ओढते, आणि हे इतकं सोपं असतं हे तिच्या ध्यानात येतं. तो क्षण विश्नेव्स्काया चेहऱ्यावर मुळीच रंगवत नाहीत. चाप ओढणं आणि बोलणं यांच्यामधली जागा नेमकी मोजून सोडतात. हे मोजमाप नटाच्या शाळेतलं नाही, गायकाच्या तालमीतलं आहे.

या चित्रपटावर घेतला जाणारा वजनदार आक्षेप वेगळाच आहे : रशियन आजीच्या मायेआड रशियाने केलेला संहार झाकला जातो. यात तथ्य आहे. मलिकाच्या पडझड झालेल्या इमारतीकडे कॅमेरा पाहतो, पण ती कोणी पाडली याची उस्तवार करत नाही. तरीही ही आजी कोणाच्या देहातून उभी आहे, याचा विसर पडून चालणार नाही. लेनिनग्राडच्या वेढ्यात या बाईंची स्वतःची आजी दगावली. त्या स्वतः किशोरवयात हवाई संरक्षणाच्या तुकडीत होत्या. सरकारच्या रोषाला पात्र ठरलेले लेखक सोल्झेनित्सिन यांना आसरा दिल्यावर नवरा, चेलोवादक रोस्त्रोपोविच यांच्यासह त्यांना 1974 मध्ये देश सोडावा लागला आणि 1978 मध्ये नागरिकत्वही गेलं. चित्रपट जे बोलत नाही त्याची भरपाई यातून होते असं मी म्हणणार नाही. मात्र रशियन प्रेक्षकांना हा चेहरा सरकारी माया म्हणून खपवता येण्याजोगा नव्हता, एवढं नक्की.

ज्यांना हे पडताळून पाहायचं असेल त्यांनी ‘येवगेनी ओनेगिन’मधला पत्राचा प्रवेश आधी डोळे मिटून ऐकावा, मग ‘कातेरिना’ आणि शेवटी ‘आलेक्सान्द्रा’ पाहावा. दीड तासाचाच आहे.