रात्रीची घरघर कुठून येते?

भाईंदर पश्चिमेला शेवटची लोकल गेली, रस्ते निवांत झाले, की खिडकीतून एक बारीक ‘हूंऽऽ’ ऐकू येतो. तो दिवसाही असतो, पण गोंगाटात बुडतो. शिवाय रात्री जमिनीलगतची हवा थंड आणि वरची उबदार असली, तर आवाज खाली वळून लांबवर पोहोचतो.

तो कशाचा, हे व्हिडिओ एडिटरच्या साधनांना विचारावं. फोनवर रेकॉर्ड करून मोफत मिळणाऱ्या ‘ऑडेसिटी’त स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे आवाजातल्या वारंवारतांचं चित्र, उघडा. सततचा आवाज आडव्या रेघेसारखा दिसतो. रेघा 100, 200, 300 हर्ट्झवर असतील, तर संशय ट्रान्सफॉर्मरवर. आपली वीज 50 हर्ट्झची. प्रत्येक आवर्तनात चुंबकीय क्षेत्र दोनदा शिखर गाठतं आणि गाभ्याचं पोलाद दोनदा किंचित लांबी बदलतं, म्हणून आवाज दुप्पट वारंवारतेचा. अमेरिकेत हीच रेघ 120वर दिसते. फक्त 50वर रेघ असेल, तर आधी माइकची वायर तपासा. बहुधा तो आवाज हवेतला नसतोच. सोसायटीचा पंप ओळखणं सोपं: तो बंद होताच रेघ तुटते.

एकच वारंवारता कापणाऱ्या नॉच फिल्टरने एडिटर अशी रेघ व्हिडिओतून पुसतो. खरी घरघर मात्र अचानक वाढली, तर रेकॉर्डिंग आणि वेळ नोंदवून वीज कंपनीला कळवा. ट्रान्सफॉर्मरजवळ स्वतः जाऊ नका.