आपल्या सर्जाचं चित्र, कम्प्युटरवर

ताईंनो, पोळा झाला की बैलांचे फोटो सगळ्यांच्याच मोबाइलमध्ये असतात. झूल, बाशिंग, गोंडे, शिंगांना रंग, सगळं असतं त्यात. पण मागं ट्रॅक्टरची ट्रॉली, कडेला प्लास्टिकची बादली, कुणाचा तरी अर्धा हात. असा फोटो भिंतीवर लावत नाही कुणी. त्याच फोटोवरून साध्या, ठळक रंगांचं चित्र करून दिलं तर मात्र लोक आवडीनं घेतात. कुत्रा, मांजर, शेळी, कुणाचंही करता येतं.

मी हे इंकस्केपवर करते. हे सॉफ्टवेअर फुकट आहे, जुन्या कम्प्युटरवरही चालतं. फोटो आत घ्यायचा, त्याचा थर कुलूपबंद करायचा आणि वर नवा थर घ्यायचा, जसं आपण नक्षीवर पातळ कागद ठेवून गिरवतो. मग ‘बी’ दाबून पेन घ्यायचं आणि बाह्यरेषा काढायची. इथं सगळ्या नवख्या चुकतात: बिंदूवर बिंदू देत सुटतात. वशिंडाच्या वळणाला तीन-चार बिंदू पुष्कळ झाले. जास्त दिले की रेघ थरथरते.

रेघ झाली की सपाट रंग. ‘डी’ दाबलं की फोटोतूनच रंग उचलता येतो. अंगाला एक रंग, सावलीला त्याचाच गडद, उजेडाला फिका. चार-पाच रंगांत बैल उभा राहतो. शेवटी डोळे, नाकपुड्या आणि वेसण यांच्या रेघा पुन्हा गडद करायच्या. ही रीत काही नवी नाही. आपल्या अजिंठ्याच्या चित्रकारांनीही आधी गेरूनं रेघ मारली, मग रंग भरले, मग पुन्हा गडद रेघेनं आकार पक्का केला. पहिल्या लेण्यात झुंजणारे बैल आहेत. सहलीला गेलात तर त्यांच्या पाठीची रेघ नीट बघा.

आता माझी फजिती. पहिलं चित्र मी गावातल्याच एका काकूंना करून दिलं. त्यांचा बैल विकून दोन वर्षं झाली होती. चित्र छान दिसत होतं, पण काकू बराच वेळ बघत बसल्या आणि म्हणाल्या, “गुणाचा हाय बया, पण हा आमचा न्हाई.” त्यांच्या बैलाचं डावं शिंग जरा खाली वळलेलं होतं. मी दोन्ही शिंगं सारखी केली होती, एक काढून दुसरं उलटवलेलं. तेव्हापासून आधी विचारते, की “गर्दीत तुम्ही त्याला कशावरून ओळखता?” जे सांगतील ते चित्रात आलंच पाहिजे. लाल कंधारीचा तांबूस रंग, देवणीचे काळे-पांढरे ठिपके आणि लोंबते कान, खिल्लारची मागं गेलेली लांब शिंगं, ही जातीची ओळख झाली. मालकाला जात नको असते, त्याला त्याचाच बैल हवा असतो. मोबाइलवर एका मिनिटात चित्र करून देणारी ॲप आहेत, पण ती बहुतेक कुठला तरी बैल देतात.

फोटो चांगला असेल तर निम्मं काम झालं. सकाळच्या उन्हात, उकिडवं बसून बैलाच्या डोळ्याच्या पातळीवरून काढा. फार जवळ जाऊ नका, नाहीतर नाकच मोठं येतं. आठ-दहा हात लांब थांबा. इंटरनेटवरचा दुसऱ्याचा फोटो वापरू नका.

छापायला देताना ए-फोर कागदासाठी ३०० डीपीआयवर फाइल काढा, म्हणजे २४८० बाय ३५०८ ठिपके. मूळ एसव्हीजी फाइल जपून ठेवा. तीच कपावर, पिशवीवर किंवा मोठ्या फ्लेक्सवर न फाटता जाते. पडद्यावर उजळ दिसणारा रंग कागदावर काळवंडतो, म्हणून आधी एकच प्रत काढून बघा. भाव सांगताना छपाई आणि फ्रेम यांच्यासोबत आपले तासही धरा. मला अजून एका चित्राला तीन तास लागतात.

आणि शिंगांचा रंग, झूल, गोंडे वेगळ्या थरावर ठेवा. पुढच्या पोळ्याला तेच गिऱ्हाईक आलं तर तेवढा थर बदलला की झालं.