नित्याचा शेजार

आमच्या शीळफाट्यावर उभें राहिलें, म्हणजे एक रस्ता मुंब्र्याकडे, एक कल्याणकडे, एक महापेकडे व एक पनवेलकडे जातांना दिसतो. सकाळच्या प्रहरीं येथें रिक्षांची, टेंपोंची आणि बसगाड्यांची जी दाटी होते, तींत कोण कोणत्या देवाचा भक्त आहे हें पाहण्यास कोणास सवड नसते. परंतु राजकारणाची हवा तापली, सभांतून कठोर शब्द उडूं लागले, म्हणजे हींच माणसें एकमेकांकडे निराळ्या नजरेनें पाहूं लागतात. अशा वेळीं सुशिक्षित कुटुंबाचा धर्म काय, याचा थोडा विचार वाचकांपुढें मांडण्याचें योजिलें आहे.

ता. ४ एप्रिल २०१३ रोजीं याच शीळफाट्यानजीक बांधकाम चालू असलेली एक बहुमजली इमारत कोसळली आणि ७४ जीव गेले. अशा ढिगाऱ्याखालून आलेली हांक ऐकून जो हात पुढें करतो, तो आंतल्या माणसाची जात विचारीत नाहीं. मग दंगलीच्या वेळींच हा झरा कां आटतो? कारण उघड आहे. इमारत पडते तेव्हां कोणी कोणाचा वैरी नसतो. दंगलींत मात्र शेजारीच वैरी म्हणून दाखविला जातो. आणि ज्याचा उंबरठा आपण कधीं ओलांडला नाहीं, त्याच्याविषयीं सांगितलेलें कांहींही आपणांस खरें वाटतें.

याची साक्ष दुसऱ्याची कशास? माझीच देतों. १९९३ सालच्या जानेवारींत मुंबई पेटली होती. मी तेव्हां कल्याणांत एका वाड्यांत राहणारा तरुण शिक्षक होतों. दुधांत विष कालविलें जात आहे, अशी एक कंडी माझ्या कानीं आली. मीं ती पडताळून न पाहतां वाड्यांतील चार बिऱ्हाडांस सांगितली. दुसऱ्या दिवशीं सकाळीं आमचा नेहमींचा मुसलमान दूधवाला आला, तेव्हां कोणींच भांडें पुढें केलें नाहीं. तो क्षणभर उभा राहिला. मग त्यानें किटलींतून मापभर दूध काढलें आणि आमच्या ओट्यावर बसून तें स्वतः पिऊन दाखविलें. एक शब्दही तो बोलला नाहीं. इतक्यांत माझी आई पातेलें घेऊन बाहेर आली व म्हणाली, “अरे, रोजचें माप घाल. चहा खोळंबला आहे.” प्रत्यक्ष, अनुमान, शब्द या प्रमाणांची चर्चा पढलेला मी एका ऐकीव वार्तेस प्रमाण मानून बसलों होतों, आणि फारशी न शिकलेली माझी आई आपल्या वीस वर्षांच्या अनुभवावर उभी होती.

आतां दुसरी बाजू पाहावी. ज्या दिवसांत मुंबई जळत होती, त्याच दिवसांत आमच्या ठाणें जिल्ह्यांतील भिवंडी शांत राहिली. ही गोष्ट लहान नव्हे. यंत्रमागांच्या या गांवीं ता. ७ मे १९७० रोजीं शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळीं भीषण दंगल उसळली. तिच्या चौकशीसाठीं न्यायमूर्ति मादन यांचा आयोग नेमावा लागला. मे १९८४ मध्यें तेथें पुन्हां आग भडकली व तिची झळ मुंबईपर्यंत पोंचली. असें असतां ६ डिसेंबर १९९२ नंतर, मुंबईंत श्रीकृष्ण आयोगाच्या गणनेप्रमाणें ९०० माणसें प्राणास मुकलीं तेव्हां, भिवंडी कां पेटली नाहीं?

१९८८ सालीं पोलीस उपायुक्त म्हणून तेथें आलेले श्री. सुरेश खोपडे यांनीं मोहल्ला कमिट्या स्थापिल्या होत्या. शांतता समित्या पूर्वींही असत. परंतु त्यांत पुढारी व प्रतिष्ठित बसत, आणि त्या बहुधा आग लागल्यावर जमत. खोपडे यांनीं ही रीत उलटी केली. वस्तीवस्तींतील साधीं माणसें, हिंदु आणि मुसलमान, त्या भागाच्या पोलिसांसह नियमानें एकत्र बसूं लागलीं. तेथें धर्मचर्चा होत नसे. वस्तीच्या रोजच्या अडचणी आणि किरकोळ तंटे यांचा विचार होई. त्यामुळें कंडी उठली, तर ती कोणास विचारून पडताळावी हें प्रत्येकास ठाऊक होतें. पुढें मुंबईनेंही हा धडा घेतला. ज्युलिओ रिबेरो, सतीश साहनी, सुशोभा बर्वे प्रभृतींनीं तेथें मोहल्ला कमिटीची चळवळ चालविली.

मात्र ही वेल रोज पाणी घातल्यावांचून जगत नाहीं. जुलै २००६ मध्यें त्याच भिवंडींत पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून जमाव व पोलीस यांच्यांत झगडा झाला. गोळीबारांत दोघे गेले आणि दोन पोलीस शिपाई मारले गेले. विश्वास एकदां मिळवून पेटींत ठेवण्याची वस्तु नव्हे.

‘सहिष्णुता’ हा शब्द आपण फार वापरतों. सह् धातूचा अर्थ सोसणें. परंतु शेजाऱ्यास केवळ सोसणें ही कृपण वृत्ति झाली. ‘सौहार्द’ हा शब्द सुहृद् यापासून आला; ज्याचें हृदय चांगलें तो सुहृद्. भिवंडी वांचली ती सोसल्यानें नव्हे, ओळखीनें.

आज घरांतील थोरामोठ्यांच्या हातीं मोबाईल आहे. १९९३ सालीं जी कंडी पायीं चालत वाड्यांत आली, ती आतां निमिषांत शंभर घरीं शिरते. गेल्या वर्षीं असाच एक मजकूर मीं जेवतांना मोठ्यानें वाचून दाखविला. सूनबाई वाढतां वाढतां थांबली आणि म्हणाली, “बाबा, हें पाहिलेला मनुष्य तुमच्या ओळखीचा आहे का?” मजजवळ उत्तर नव्हतें. मजकूर पुसून टाकला. वडील मंडळींस असा प्रश्न विचारण्याची मुभा ज्या घरांत आहे, तें घर द्वेषापासून बरेंच सुरक्षित समजावें.

त्या दूधवाल्याची क्षमा मात्र मीं मागितली नाहीं. मागण्याचें धैर्य आलें, तोंवर त्यानें आपलें बिऱ्हाड मुंब्र्यास हलविलें होतें. फाट्यावरून तिकडे वळणारा रस्ता दिसला, म्हणजे अजून मान खालीं जाते. वाचकांवर अशी वेळ येऊं नये. यास्तव शेजारचा उंबरठा, दिवस बरे आहेत तोंच ओलांडावा.